कण्ह आणि सुक्क : अग्गञ्ञसुत्ताच्या एका वाचनाविषयी

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. परंतु ते ज्या निंदेपासून सुरू होते, तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मणकुलातील दोघे संघाकडे वळले, तेव्हा त्यांच्या ज्ञातिबांधवांनी त्यांना दूषणे दिली. ब्राह्मणांचा वण्ण सुक्क, म्हणजे उजळ. इतरांचे कण्ह, म्हणजे काळे. आणि हे दोघे उजळ सोडून काळ्यांत गेले, असा त्या दूषणांचा आशय होता.

या 'कण्ह' शब्दावरून आपल्या व्याख्यानांत एक अनुमान सर्रास काढले जाते. गोऱ्या आर्यांनी काळ्या अनार्यांना जिंकले, तेच पुढे अस्पृश्य ठरले, आणि खुद्द तिपिटकात त्याचा पुरावा आहे, असे ते अनुमान होय. त्यामागील स्वाभिमानाची प्रेरणा आम्ही जाणतो. तरीही हे वाचन आम्हांस मान्य नाही. निंदकाचे शब्द पुरावा म्हणून स्वीकारले, की माणसाची किंमत रक्तावरून ठरते हा त्याचा सिद्धान्तही पदरी पडतो. बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर लिहिलेल्या ग्रंथात नासिकामापनाचे आकडे तपासून वंशभेदाची उपपत्ती नाकारली होती, हे आपल्याच वक्त्यांना विसरून कसे चालेल?

भगवंतांचे उत्तर पाहावे. कण्ह आणि सुक्क हे शब्द ते कातडीवरून उचलून कर्मावर ठेवतात. दोन्ही प्रकारची कर्मे चारही वण्णांत आढळतात, असे सांगतात. त्यानंतर ते कथा सांगतात ती अन्नाची. सत्त्वांनी रसपृथ्वी खाल्ली, देह जड झाले, रूपात फरक पडला आणि रूपवान कुरूपांना तुच्छ लेखू लागले. पुढे एका आळशाने सकाळ-संध्याकाळचे तांदूळ एकदमच आणले. मग साठा, शेताची हद्द, चोरी आणि दंड अशी परंपरा लागली. चार वण्णांची नावे येतात ती या सर्वांनंतर. तुच्छता जन्मजात नसून तिलाही इतिहास आहे, हा या क्रमाचा अर्थ होय.

आमचा रायगडचा किनारा या क्रमाची साक्ष देतो. रंगच तुच्छतेचे कारण असता, तर मुरूड-जंजिऱ्याचा इतिहास घडलाच नसता. आफ्रिकी वंशाचे सिद्दी तेथे 1948 पर्यंत नवाब होते, आणि उजळ कांतीचे दरबारी त्यांच्यापुढे मुजरा करीत. त्याच वंशाचे सिद्दी उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर-हल्याळच्या रानांत मजुरी करीत राहिले. 2003 साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. वर्ण तोच, पण एकाकडे किल्ला व आरमार होते, दुसऱ्याकडे जमीनही नव्हती. याच किनाऱ्यावरील बेने इस्रायल, म्हणजे तेल गाळणारे शनिवार तेली, यांच्यात 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट पडले. त्यांत बेटीव्यवहार नव्हता. हा भेद कांतीचा नसून कुळाच्या शुद्धतेच्या कल्पनेचा होता. ज्यांच्या धर्मग्रंथात चातुर्वर्ण्य नाही, त्यांनाही शेजाऱ्यांकडून ही विद्या मिळाली. पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर तेथील धर्मपीठाने यांच्याच कुळाविषयी शंका घेतली. ती 1964 साली आंदोलनानंतर मिटली.

सावित्रीकाठच्या महाडला तर रंगाचा प्रश्नच नव्हता. 20 मार्च 1927 रोजी तळ्याचे पाणी प्यालेले आणि नंतर पंचगव्याने ते तळे 'शुद्ध' करणारे, यांच्या कांतीत परक्याला फरक सांगता आला नसता. दारिद्र्यावरूनही तो सांगता आला नसता, कारण सत्याग्रहींत लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनरही होते. प्रतिपक्षाने न्यायालयात अनादि वहिवाटीचा दावा केला. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने तो सिद्ध झाला नाही असा निर्णय दिला. वहिवाटीला आरंभ असतो, हेच अग्गञ्ञसुत्त सांगते. साठा आणि हद्द यांचा अर्थ तर अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांना वेगळा समजावून द्यावा लागला नसता. खोतीविरुद्ध त्यांनी 1933 ते 1939 शेते पडीक ठेवली, आणि 1937 साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

मात्र सुत्ताची एक मर्यादा मांडणे आमचे कर्तव्य आहे. सुद्दांची उत्पत्ती ते शिकार व क्षुद्र कामे या शब्दांशी जोडून एका श्लेषात आटोपते. त्यांच्या वाट्याला तीच कामे का आली, हे ते विचारत नाही. चांडाळांचा तर त्या उत्पत्तिकथेत उल्लेखच नाही. ही उणीव चक्कवत्तिसीहनादसुत्त भरून काढते. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी आली, असे ते स्पष्ट सांगते. दोन्ही सुत्ते एकत्र वाचली, तर आपल्या शेजारच्या कातकरी वाडीविषयीचे आपले बोलणेही तपासावे लागेल. खैराच्या काताचा त्यांचा धंदा होता. जंगल कायद्यांनी रान बंद झाले, तो बुडाला, आणि उचल घेऊन वीटभट्टीवर जाणे नशिबी आले. 'मिळेल ते उडवतात, त्यांची जातच तशी' हे वाक्य आम्ही बौद्ध वस्त्यांतही ऐकले आहे, आणि बोलणारे त्या दिवशी वंदना करून विहारातून बाहेर पडत होते.