स्थानपोथी : माळावरल्या पावलांचे वाङ्मय

मराठीत भटकंतीचे वाङ्मय म्हटले की डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने जी वाट पाडली, त्या वाटेने पुढील दोन-तीन पिढ्यांचे लेखक चालत आले. कडे, धुके, कारवीचा बहर, टाक्यातले गार पाणी असा त्या लेखनाचा ठरलेला शिधा आहे. पुण्याच्या पूर्वेस उतरले की ही शाई वाळते. बीड जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने पसरलेला बालाघाटाचा माळ या वाङ्मयात जवळजवळ नाहीच. असलाच तर दुष्काळावरील लेखात, तडे गेलेल्या भुईच्या रूपात.

याचे कारण माळ कुरूप आहे असे नव्हे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात हॉवर्थ नावाचे गाव आहे. त्याच्या मागचा माळही झाडावाचून उघडा, ओला आणि वाऱ्याने झोडपलेला आहे. तेथील पाद्र्याची मुलगी एमिली ब्राँटे हिची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ साली प्रसिद्ध झाली. आज जगभरचे वाचक त्या गावी जातात, ब्राँटे कुटुंबाच्या घरापासून निघून टॉप विदन्स नामक पडक्या शेतघरापर्यंत पायी चालतात आणि उजाड रानात सौंदर्य पाहून परततात. ते रान बदलले नाही, ते लिहिले गेले एवढेच. तेव्हा आमचा प्रश्न असा की, आमचा माळ कधी लिहिलाच गेला नाही काय?

आमचे उत्तर असे की, माळासह अवघी मराठी भूमी पायांनी मोजून लिहिण्याची रीत आमच्या भाषेत सहा शतकांपूर्वीच सिद्ध झाली होती. मात्र ज्या ग्रंथात ती सिद्ध झाली, त्याला आम्ही प्रवासवर्णन म्हणून कधी वाचले नाही. तो ग्रंथ म्हणजे महानुभाव पंथातील मुनिव्यासांची ‘स्थानपोथी’. तिचा काळ इ. स. १३५३ च्या सुमाराचा मानतात.

आमच्या धर्मग्रामांतील वाचकांस या पंथाची ओळख थोडी असेल, म्हणून दोन शब्द. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी हिंडले. त्यांच्या आठवणी शिष्यांकडून गोळा करून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचले. हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ. त्यात ‘विहरण’ हा शब्द पुन्हापुन्हा येतो. सकाळी गावाबाहेर पडावे, एखाद्या ओसाड देवळात, झाडाखाली किंवा नदीकाठी एकांतात बसावे, मागून भक्तजन यावेत, काही बोलणे व्हावे, असे ते विहरण. ‘लीळाचरित्रा’तील कितीतरी प्रसंग या गावकुसाबाहेरच्या फेरफटक्यात घडतात. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या पात्रात पांचाळेश्वर आहे. महानुभाव त्याला आत्मतीर्थ म्हणतात. तेथून दक्षिणेस पाहिले की गंगथडीची काळी जमीन संपते आणि बालाघाट चढू लागतो. (गोदावरीला या भागात गंगाच म्हणतात.)

स्वामी निघून गेल्यावर शिष्यांपाशी उरली ती स्थाने. मुनिव्यासांनी त्यांचीच नोंद केली. गावात शिरल्यावर कोणत्या दिशेस कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, पटिशाळा कोठे, दारवठा कोठे, स्वामी कोणत्या बाजूस बसले, कोठे निजले, कोठे जेवले. प्रभूंनी लघुशंका केली ती जागाही परिश्रयस्थान म्हणून नोंदीतून सुटत नाही. पुष्कळ सुशिक्षितांस येथे हसू येते. आम्हांस मात्र या ग्रंथाची खरी थोरवी येथेच दिसते. ज्याने देह धारण केला त्याच्या देहाचे सर्व व्यवहार ज्या जागी घडले, ती प्रत्येक जागा वंदनीय आहे, या श्रद्धेतला तर्क मुनिव्यास शेवटपर्यंत नेतात, मध्येच लाजून थांबत नाहीत. शब्द देह झाला असे मानणाऱ्या आम्हा ख्रिस्ती जनांस हा तर्क परका वाटू नये.

वाङ्मय म्हणून पाहता या पोथीत विशेषणे जवळजवळ नाहीत. देऊळ ‘भव्य’ नाही, नदी ‘खळाळती’ नाही. दिशा, अंतर आणि वस्तू एवढ्यावर गद्य उभे आहे. वाक्ये तुटक, क्रियापदे थोडी. प्रथम वाचताना हे सारे एखाद्या तलाठ्याच्या पंचनाम्यासारखे वाटते. पण दहा-वीस स्थाने वाचून झाली म्हणजे ध्यानात येते की, हा लेखक आपल्याला काही दाखवीत नसून आपल्याला चालवीत आहे. पूर्वेस वळा, मग उत्तरेस, येथे थांबा, येथे वाका. नमस्कार नेमक्या जागी घडावा, हातभर इकडे-तिकडे होऊ नये, ही चिंता प्रत्येक ओळीत आहे. चुकीच्या जागी वाकण्याचे भय ज्याला आहे, त्याला विशेषणे सुचत नाहीत.

येथे आम्हांस आमच्याच परंपरेतील एका बाईची आठवण होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक भाविक स्त्री पश्चिमेकडून पवित्र भूमीच्या यात्रेस गेली आणि आपल्या भगिनींस तिने लॅटिनमध्ये वृत्तान्त लिहून पाठविला. त्याचे हस्तलिखित १८८४ साली इटलीतील अरेझ्झो येथे सापडले, तेही आरंभ आणि शेवट हरवलेले. सिनाय पर्वत चढताना वाहनाचा उपयोग नव्हता. ती पायीच चढली. प्रत्येक ठिकाणी तेथल्या संन्याशांस ती विचारते, हे कोणते स्थान? मग शास्त्रातील तेवढाच उतारा तेथे वाचला जातो, प्रार्थना होते आणि मंडळी पुढे निघतात. तिची वाक्येही मुनिव्यासांसारखीच साधी. मात्र एजेरियाला विचारण्याचा, भेटण्याचा सोस आहे, तिच्या लेखनात माणसे बोलतात. या बाबतीत तिचे नाते ‘स्थानपोथी’पेक्षा ‘लीळाचरित्रा’तील महदाइसेशी जवळचे. स्वामींना प्रश्नांनी भंडावणारी ही महदाइसा म्हणजे मराठीची आद्य कवयित्री.

आणि ‘स्थान’ हा शब्द तर आम्ही दर प्रायश्चित्तकाळात उच्चारतो. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने म्हणजे येरुशलेमच्या गल्ल्यांची स्थानपोथीच होय. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली ही संख्या कायम केली. त्यांतील काही स्थानांस, उदाहरणार्थ वेरोनिकेच्या भेटीस, शुभवर्तमानात थेट आधार नाही. ती यात्रेकरूंच्या पावलांनी जन्मास घातली. म्हणून पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या शुभशुक्रवारी रोममध्ये केवळ शास्त्राधारित अशी निराळी चौदा स्थाने चालविली. जुनी स्थाने मात्र रद्द झाली नाहीत. म्हाइंभटांनीही असेच केले. एकाच लीळेची दोन शिष्यांची दोन स्मरणे भिन्न आली, तर कितीदा त्यांनी दोन्ही पाठ नोंदविले. स्मरणाशी प्रामाणिक राहण्याची ही रीत दोन धर्मांत दोन वेगळ्या वाटांनी आलेली आहे, हे आम्हांस विशेष वाटते.

इतकी स्तुती केल्यावर ‘स्थानपोथी’चे उणेही सांगितले पाहिजे, आणि ते लहान नाही. या पोथीतला महाराष्ट्र निर्मनुष्य आहे. देवळाचे दार आहे, दारात बसलेली म्हातारी नाही. वाट आहे, वाटेवरचा धनगर नाही. तहान, ऊन, कुसळे यांचा उल्लेख नाही. बालाघाटावर कार्तिकात चालून पाहावे. कुसळी गवताची टोके धोतरात, लुगड्यात, पायमोजांत घुसतात आणि मुक्कामावर पोचल्यावर ती वेचण्यातच घटका जाते. तरवड, बोरी, हिवर आणि उतारांवरची सीताफळे एवढीच सावली. या सीताफळांस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे नमूद करावयास हरकत नाही. जेथे प्रभूंचे पाऊल पडले तेवढीच भूमी पोथीत आहे. बाकी कोरी. श्रद्धेच्या दृष्टीने हे रास्त असेल, पण माळाच्या दृष्टीने अन्याय आहे.

तो कोरा भाग भरून काढणारे पुस्तक बीड जिल्ह्यातच निपजले. एकनाथ आवाड यांचे आत्मचरित्र ‘जग बदल घालुनी घाव’ हे ते पुस्तक. मातंग कुटुंबात जन्मलेल्या आवाडांनी मराठवाड्यातील दलित कुटुंबांना गायरान जमिनी कसण्याचा हक्क मिळावा म्हणून हयातभर लढा दिला. २०१५ साली ते निवर्तले. माहीमचे लेखक जेरी पिंटो यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, ही गोष्ट आमच्या समाजातील वाचकांस आवडावी. ‘स्थानपोथी’ मिटून हे पुस्तक उघडले की तोच माळ एकदम गजबजतो. गायरान म्हणजे गावाच्या कडेचा तो उघडा तुकडा, ज्यावर भटकंती करणारा छायाचित्र काढतो. आवाडांच्या पुस्तकात त्या तुकड्यावर कोणी नांगर धरायचा, यासाठी डोकी फुटतात. या लेखनास डौल नाही, काही ठिकाणी भाषणाचा सूर लागतो आणि प्रसंगांची गर्दी होते. हे दोष आम्ही मान्य करतो. तरीही मुनिव्यासांच्या नकाशावर माणसे उतरविण्याचे काम या पुस्तकाने केले आहे, आणि दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली नाहीत तर दोहोंचे वाचन अपुरे राहील असे आमचे मत आहे.

उलट, हल्ली बालाघाटावर जे थोडे भटकंतीपर लेखन होऊ लागले आहे, त्यात ना नेमकेपणा आहे, ना माणसे. सौताड्याचा धबधबा ‘नयनरम्य’ असतो, नायगावचे मोर ‘मनमोहक’ असतात, धारूरचा किल्ला ‘इतिहासाची साक्ष देत उभा’ असतो. धारूरच्या किल्ल्यास कोणत्या बाजूने जावे, खालच्या घळीत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, माळावरच्या बेवारस वीरगळास गावकरी काय म्हणतात, हे विचाराल तर उत्तर नाही. शासनाच्या नोंदींत असा गवताळ माळ बहुधा ‘पडीक’ ठरतो. लेखकही त्याला पडीक ठेवतात, हा योगायोग नव्हे. ज्या रानाला नावे उरत नाहीत त्यावर उद्या पवनचक्क्यांची रांग उभी राहिली, तर काय बुजले हे सांगण्यासही कोणी राहत नाही. पवनचक्क्या वाईट असे आमचे म्हणणे नाही. त्या उभ्या करताना कोणती वाट मोडली, ती कोण चालत होते, याची एक ओळ कोठेतरी असावी, इतकेच.

आमच्या यात्रावर्णनांसही हाच रोग आहे. हरेगावच्या मतमाउलीस पायी जाणारे भाविक आमच्यात आहेत. बीड जिल्ह्यात कपिलधारेस, मन्मथस्वामींच्या समाधीस, कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या येतात. दोन्हीकडच्या वर्णनांत ‘भक्तीचा महापूर’ लोटतो, पण कोणत्या विहिरीवर दिंडी थांबली, भाकरी कोणी वाढल्या हे येत नाही. एजेरियाने हे न चुकता लिहिले असते.

बीड जिल्ह्यातून दरसाल सर्वांत मोठे प्रस्थान होते ते मात्र यात्रेचे नव्हे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. पूर्वी हा प्रवास बैलगाडीने मुक्काम करीत होई, आता बहुतेक ट्रॅक्टर आणि ट्रक आले. त्या जुन्या गाडीवाटेचे मुक्काम अजून पुष्कळ म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. कोणत्या ओढ्याशी बैल सोडले, कोणत्या गावाने पाणी दिले व कोणत्या गावाने हाकलले, कोणत्या लिंबाखाली कोणाची सून बाळंत झाली, कोणत्या फडाच्या कडेला कोपी पडली. ऊसतोडीवर मराठीत कथा-कादंबऱ्या आहेत. दिशा आणि अंतरे देऊन, एकेका झाडाशी थांबत लिहिलेली त्या वाटेची पोथी आमच्या वाचनात अद्याप आलेली नाही. औरंगाबाद धर्मप्रांतातील आणि नगरकडील आमच्या तरुण लेखकांपैकी कोणी ती लिहावयास घेतली, तर त्याने मुनिव्यासांचे गद्य उशाशी ठेवावे आणि विशेषणांची वही घरी ठेवून निघावे.