२९८ माणसं विरुद्ध एक वाघीण

शंभर माणसं आणि एक गोरिला. हत्यार कुणाकडेच नाही. कोण जिंकेल?

२०२५च्या उन्हाळ्यात हा प्रश्न तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर त्यावरून दोन दिवस जुंपली होती. कुणी गोरिलाचं वजन शोधून काढलं, कुणी माणसांच्या तुकड्या कशा पाठवायच्या ते आखलं, एकानं तर चक्क सिम्युलेशन लिहायला घेतलं. त्याआधी २०२१मध्ये यूगव्ह या संस्थेनं अमेरिकेतल्या लोकांना विचारलं होतं, की नुसत्या हातांनी तुम्ही कोणकोणत्या प्राण्याला लोळवू शकाल? उंदराला हरवू, असं ७२ टक्के लोक म्हणाले. ग्रिझली अस्वलाला हरवू म्हणणारेही ६ टक्के निघाले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे, मान्य. पण या प्रश्नाची मांडणी जरा नीट बघा. मैदान मोकळं आहे, उजेड भरपूर आहे, दोन्ही बाजू लढायला म्हणूनच आल्या आहेत. कुणाला संध्याकाळच्या चुलीसाठी लाकडं आणायची नाहीत, कुणाची म्हैस उपाशी नाही. प्राण्याला तिथं कुणी आणलं, हेही कुणी विचारत नाही. माणसाचं बळ आणि बुद्धी मोजायची तर नेमक्या याच गोष्टी वगळून कसं चालेल?

याच प्रश्नाची खरी आवृत्ती एका जुन्या पुस्तकात आहे. तिथं माणसं २९८ होती आणि समोर एक वाघीण. जिम कॉर्बेटचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं आपल्या मुंबईत प्रकाशित केलं. पुढे ते जगभर गेलं, मराठीतही आलं. पुस्तकातली पहिलीच शिकारकथा चंपावतच्या वाघिणीची आहे. काळ १९०७चा. वाघिणीच्या नावावर नेपाळात २०० आणि कुमाऊंमध्ये २३४ माणसं जमा झालेली. कॉर्बेट तेव्हा मोकामेह घाटावर रेल्वेचं काम बघणारा बत्तिशीचा माणूस होता.

हे पुस्तक आपल्याकडे सहसा ‘एकटा शूर शिकारी विरुद्ध नरभक्षक’ असं वाचलं जातं. मुखपृष्ठांवर जबडा वासलेला वाघ असतो, तो याच वाचनासाठी. मला मात्र ते वेगळं दिसतं. माणसाचं बळ नक्की कशात असतं, आणि ते त्याच्याकडून कोण काढून घेतं, याचं हे पुस्तक आहे. यातला पहिला भाग कॉर्बेटला पक्का ठाऊक आहे. दुसरा भाग त्याच्या वाक्यांमध्ये सांडलेला आहे, तो आपल्याला गोळा करावा लागतो.

आधी बळाचं बघू. पाली गावात पोचल्यावर पहिल्या रात्री कॉर्बेट रस्त्याकडेला झाडाला पाठ टेकून बसतो. चांदणं आहे, हातात रायफल आहे, पण प्रत्येक सावली त्याला वाघीण वाटते आणि त्याचे दात वाजू लागतात. पहाटे त्याची माणसं येतात तेव्हा तो गुडघ्यांवर डोकं ठेवून झोपलेला असतो. शिकारकथेचा नायक स्वतःची ओळख अशी करून देतो! शेकडो माणसं मारलेल्या जनावराच्या इलाख्यात नायकाला झोप लागते, हे लिहायला हिंमत लागते. पुढचं सगळं पुस्तक मी त्या एका रात्रीमुळे विश्वासानं वाचलं.

आता ती २९८ माणसं. वाघिणीनं जंगलात लाकडं गोळा करणाऱ्या एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला नेलेलं असतं. ती ज्या दरीत आहे तिथून तिला हाकून काढायची योजना ठरते. तहसीलदार माणसं जमवतो. त्यांनी डोंगराच्या धारेवर ओळीनं उभं राहायचं आणि कॉर्बेटनं रुमाल हलवला की आरडाओरडा करायचा, दगड लोटायचे, बंदुका झाडायच्या. कॉर्बेट दरीच्या तोंडाशी बसणार. पण तो जागेवर पोचायच्या आतच वरची माणसं गलका सुरू करतात. वाघीण बाहेर पडते. मागे राहिलेला तहसीलदार घाईनं बार काढतो, तशी ती वळते. कॉर्बेट तिच्यामागे आशा सोडून एक गोळी झाडतो. ती ऐकून धारेवरच्या लोकांना वाटतं, वाघीण मेली! ते उरलेल्या सगळ्या बंदुका झाडून जल्लोष करतात आणि त्या आवाजानं वाघीण पुन्हा उलटते, ती थेट कॉर्बेटकडे. त्याच्याकडे मुळात तीनच काडतुसं होती, ती संपतात. मग तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक आणतो. तिच्या नळ्या आणि खटक्यामध्ये फट पडलेली. तो नेम धरतो वाघिणीच्या उघड्या तोंडावर, गोळी लागते पंज्याला. पण तोवर आधीच्या जखमांनी ती कोसळलेलीच असते.

सॉफ्टवेअरमध्ये मोठी गडबड निस्तरली की आम्ही ‘पोस्टमॉर्टेम’ लिहितो. काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कुठे नशिबानं वाचलो, हे सगळं त्यात प्रामाणिकपणे यावं लागतं. कॉर्बेटनं चंपावतची कथा अशीच लिहिली आहे. संकेत फसला, वेळ चुकली, हत्यार खराब होतं आणि एका गैरसमजामुळे जनावर नेमकं समोर आलं. म्हणजे २९८ माणसं, ढीगभर बंदुका आणि त्या भागातला जंगलाचा सर्वांत जाणता माणूस एवढं सगळं एका बाजूला असूनही निकाल काठावरचा होता. आमच्या ग्रुपवरच्या सिम्युलेशनमध्ये गैरसमजासाठी कॉलम नव्हता.

मग माणसाची ताकद कशात? तर कुठल्या पायवाटेवर काल माग दिसला, वानर कुठे ओरडलं, कुठल्या झाडाखाली बायका लाकडं वेचत होत्या, ही माहिती गावोगावच्या माणसांकडे होती आणि ती एका माणसापर्यंत पोचली यात. कॉर्बेट माग काढण्यात निष्णात होता, पण माग सुरू कुठून करायचा हे त्याला गावकरी सांगत. त्यानं काम घेताना दोन अटी घातल्या होत्या: वाघिणीवरचं इनाम रद्द करा आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवा. जंगलात दहा जण आपापल्या अंदाजानं गोळ्या झाडत फिरू लागले तर कुणाचाच माग शाबूत राहत नाही. उलट जखमी जनावरं मात्र वाढतात.

आणि जखम हाच तर सगळ्या गोष्टीचा मूळ मुद्दा आहे. मेलेल्या वाघिणीचं तोंड उघडून बघितलं तेव्हा उजवीकडचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता, खालचा थेट हाडापर्यंत. जुन्या गोळीची ती खूण होती. नेहमीची शिकार तिला जमेनाशी झाली आणि ती माणसाकडे वळली. पुस्तकाच्या सुरुवातीच्या टिपणातच कॉर्बेटनं सांगून ठेवलं आहे, की वाघ नरभक्षक होतो तो नाइलाजानं, आणि दहातल्या नऊ वेळा त्या नाइलाजाचं कारण जखम असते. म्हणजे ‘माणूस विरुद्ध वाघ’ हा सामना चंपावतला सुरू झालाच नव्हता. कुणीतरी अर्धवट गोळी घालून निघून गेला होता. त्याचं नाव कुठेच नाही. ४३६ माणसांनी त्याची किंमत मोजली.

इथवर कॉर्बेट आपल्यासोबत आहे. आता त्याच्या वाक्यांमध्ये सांडलेलं बघू. हाक्याला आलेल्या माणसांबद्दल तो जरा गमतीनं लिहितो, की बिनपरवान्याच्या बंदुकांकडे कानाडोळा करू असं तहसीलदारानं जाहीर केल्यावर अशी अशी हत्यारं बाहेर आली, की एखादं संग्रहालय भरावं. वाचताना आपणही हसतो. पण या बंदुका लपवलेल्या का होत्या? कारण १८७८च्या शस्त्र कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी होती आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. चार वर्षं वाघीण माणसं नेत होती तेव्हा या बंदुका कोनाड्यात आणि कौलाखाली दडलेल्या होत्या. त्या निघाल्या त्या एका साहेबाच्या योजनेत आवाज करण्यासाठी. गावकरी दुबळे होते म्हणून त्यांना तारणहार लागला, असं आपण वाचतो. त्यांना दुबळं करणारा कायदा त्या विनोदाच्या आड जातो. कॉर्बेट हे लपवत नाही. तो फक्त तिथं थांबत नाही. माझी त्याच्याबद्दलची तक्रार एवढीच आहे, पण ती छोटी नाही.

बळाचा दुसरा एक नमुना याच कथेत आहे आणि तो मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला. दोन बहिणी गवत कापत असताना वाघीण थोरलीला उचलते. धाकटी पळून जात नाही. हातातला विळा फिरवत, ओरडत ती वाघिणीच्या मागे धावते. तिला सोड, मला ने, असं म्हणत. शेवटी वाघीण भक्ष्य टाकून तिच्यावर उलटते तेव्हा ती गावाकडे पळते. गावात पोचते आणि तिची वाचा जाते. कॉर्बेट वाघिणीचं कातडं घेऊन तिच्या दारी जातो तेव्हा ती पुन्हा बोलू लागते. कथेत हा प्रसंग शेवटाला गोडवा आणतो. पण कोण जिंकेल असं विचारणाऱ्यांनी बघावं: रायफल घेतलेल्या माणसाचे दात वाजले आणि विळा घेतलेली बाई वाघिणीमागे धावली. मुखपृष्ठावर मात्र ती कधीच नसते.

याच्या शेजारी दुसरं एक गाजलेलं पुस्तक ठेवलं की कॉर्बेटचं मोठेपण कळतं. जे. एच. पॅटरसन हा इंजिनिअर. १८९८मध्ये तो केनियातल्या त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधत होता आणि दोन आयाळ नसलेले सिंह रात्री तंबूंमधून मजूर उचलून नेत होते. यातले बरेच मजूर हिंदुस्थानातून नेलेले. पॅटरसननं डिसेंबरमध्ये दोन्ही सिंह मारले आणि १९०७ साली पुस्तक लिहिलं. त्यात नायक कायम एकच आहे आणि मजूर म्हणजे घाबरलेला घोळका. पण त्यानंच सांगितलेली एक गोष्ट बघा. शेकडो मजुरांनी रुळांवर आडवं पडून गाडी थांबवली, सामानासकट तीत चढले आणि निघून गेले. आम्ही सरकारचं काम करायला आलो, सिंहाचं अन्न व्हायला नाही, हे त्यांचं म्हणणं. पुढे तीन आठवडे पुलाचं काम बंद. पॅटरसनला ही पळापळ वाटली. मला त्या अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटला. जनावराशी लढण्यात शौर्य असेल, पण त्याच्या तोंडी देणाऱ्या नोकरीला नाही म्हणणं, हीसुद्धा अक्कलच.

पॅटरसनच्या आकड्यांचीही गंमत आहे. पुस्तकात हिंदुस्थानी मजुरांचे २८ बळी आणि शिवाय न मोजलेले आफ्रिकी लोक. नंतर हाच आकडा १३५ झाला. २००९मध्ये शास्त्रज्ञांनी शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या त्या सिंहांचे अवशेष तपासून अंदाज काढला, तो साधारण ३५चा. सिंह जितका भयंकर, तितका मारणारा मोठा. इथल्याही एका सिंहाचा सुळा आतून सडलेला होता, हे विशेष.

आज हे का वाचायचं? २०१८च्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघिणीला गोळी घातली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. समाजमाध्यमांवर लगेच दोन तट पडले, वाघाचे आणि माणसाचे. जणू पुन्हा तोच मैदानातला सामना. २०२१मध्ये आलेला अमित मसुरकरचा ‘शेरनी’ बघताना हेच आठवत राहतं. त्यात पिंटू भैया नावाचा बढाईखोर शिकारी आहे, कॉर्बेटच्या कथांमधून कॉर्बेटची भीती आणि नम्रता काढून टाकली की उरेल तसा. विद्या बालनची वन अधिकारी मात्र वाघीण इथं अडकली का, हे शोधते. तिच्या वाटेत खाण खोदलेली असते. कॉर्बेटनं वाघिणीच्या तोंडात शोधलेलं कारण ‘शेरनी’ नकाशात शोधतो. ही त्याच प्रश्नाची पुढची पायरी आहे.

विदर्भात आजही तेंदूपत्त्याच्या हंगामात बायका भल्या पहाटे जंगलात जातात. वाकून पानं तोडणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसतही नाही. त्यांना कुणाला हरवायचं नसतं, पुडे बांधून दुपारच्या आत घरी यायचं असतं. पुन्हा कुणी कोण जिंकेल असं विचारलं, तर आपण आधी एवढंच विचारावं: ती माणसं तिथं कशासाठी गेली होती, आणि त्यांच्या हातात काय होतं?