नवी शिक्षिका आणि कागदांचा ढीग

बी.एड्.च्या सराव पाठासाठी आपण रात्र जागून तक्ते काढतो, टाचण पुन्हा पुन्हा लिहितो. नोकरी लागल्यावर मात्र दिवसाला पाच-सहा तास, साठ-सत्तर मुलांचा वर्ग, प्रयोगशाळेच्या कपाटाची न सापडणारी किल्ली आणि ऐन रंगलेल्या तासाला सूचनावही घेऊन दाराशी उभा असलेला शिपाई अशी गाठ पडते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ‘आपण चुकून तर या व्यवसायात आलो नाही ना?’ हा प्रश्न मनात येऊन गेलेला असतो. तो कोणापाशी बोलून दाखवायची मात्र चोरी असते.

हाच प्रश्न मध्यवर्ती ठेवून लिहिलेली एक इंग्रजी कादंबरी म्हणजे बेल कॉफमन यांची ‘अप द डाउन स्टेअरकेस’. 1960च्या दशकाच्या मध्यात ती प्रसिद्ध झाली आणि 1967 साली तिच्यावर चित्रपटही निघाला. कॉफमन यांनी न्यूयॉर्कच्या शाळांत अनेक वर्षे शिकवले होते, त्यामुळे यातली शाळा काल्पनिक असली तरी तिचा वास खरा आहे. उतरायच्या जिन्याने वर चढला म्हणून एका मुलाबद्दल लेखी तक्रार येते. त्यावरून पुस्तकाचे नाव पडले.

कादंबरीची मांडणी मोठी गमतीची आहे. सलग निवेदन जवळजवळ नाहीच. कचेरीची परिपत्रके, शिक्षकांनी एकमेकांना धाडलेल्या चिठ्ठ्या, मुलांनी सूचनापेटीत टाकलेले कागद, मैत्रिणीला लिहिलेली पत्रे, एवढ्यातून मिस सिल्व्हिया बॅरेट हिचे पहिले सत्र उभे राहते. साहित्य शिकवायच्या उमेदीने आलेली ही तरुणी पहिल्याच दिवशी हजेरीपत्रके आणि तक्ते भरण्यात बुडून जाते. वाचताना हसू येते, पण थोड्याच वेळात ते आवरते, कारण असले कागद आपणही भरलेले असतात.

मला या पुस्तकातली शिक्षकांची खोली सर्वांत महत्त्वाची वाटली. तिथे प्रत्येक जण एकेकाळी सिल्व्हियाच होता. लूमिस मुलांचा तिरस्कार करू लागला आहे. मेरी लुईस कामाच्या ओझ्याखाली कुरकुरते आहे. तिसरीने शिकवणे सोडून वर्गात नुसती करमणूक चालवली आहे. पॉल बॅरिंजर हा देखणा कवी सगळ्याची थट्टा करतो. भ्रमनिरास झाला की माणूस कोणकोणत्या वाटांनी जातो, याचे हे जणू वर्गीकरणच. त्यांतली थट्टेची वाट दिसायला सर्वांत निरुपद्रवी. पण अ‍ॅलिस ब्लेक ही मुलगी बॅरिंजरला प्रेमपत्र लिहिते आणि तो त्यातल्या भाषेच्या चुका दुरुस्त करून ते तिला परत देतो, तेव्हा ती खिडकीतून उडी टाकते. शिक्षकाची निराशा ही त्याची खाजगी बाब नसते, तिची किंमत मुले मोजतात, हे लेखिकेने उपदेशाचा एक शब्दही न वापरता दाखवले आहे.

इथवर पुस्तक खणखणीत आहे. शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सिल्व्हियाला एका खाजगी महाविद्यालयात सुखाची नोकरी चालून आलेली असते. पण दुखापत होऊन ती रुग्णालयात पडते, मुलांच्या चिठ्ठ्या वाचते आणि शाळेतच राहायचे ठरवते. मुलांच्या प्रेमाने शिक्षक तरतो, हा निष्कर्ष गोड आहे आणि अपुरा आहे. त्यात एक धोकाही आहे. ज्याला पहिल्या वर्षी मुलांचे असे प्रेम लाभत नाही, त्याने स्वतःला नालायक समजावे काय? कादंबरीतच जो फेरोने हा हुशार, बंडखोर मुलगा सिल्व्हियाच्या सर्व प्रयत्नांनंतरही हातून निसटतो.

माझ्या मते सिल्व्हिया तरते ती आणखी दोन गोष्टींमुळे, आणि त्या लेखिकेने लिहिल्या असूनही त्यांच्यावर भर दिलेला नाही. पहिली, बिआ शॅक्टर ही अनुभवी सहकारी. सिल्व्हिया गोंधळली की चिठ्ठी पाठवते आणि बिआचे दोन ओळींचे उत्तर येते: कोणता कागद भरायचा, कोणता खुशाल टाकून द्यायचा. दुसरी, सूचनापेटी. तिच्यामुळे आपले शिकवणे मुलांना कसे दिसते, हे सिल्व्हियाला समजू लागते. वर्गात खटल्याचा खेळ मांडल्यावर कधी तोंड न उघडणारा होसे न्यायाधीश म्हणून ठामपणे कामकाज चालवतो. हे यश नुसत्या मायेचे नाही, निरीक्षणाचे आणि योजनेचे आहे. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षकही पहिल्याच दिवशी फसतो. त्याचा शांततेचा खेळ मुले उधळून लावतात. दुसऱ्या दिवशी तो मुलांना दोष देत बसत नाही, गोष्ट घेऊन येतो. प्रयोग फसला तर आपण मांडणी तपासतो, विज्ञान सोडून देत नाही. तासाच्या बाबतीत ही सवलत आपण स्वतःला का देऊ नये?

पण एकट्याने किती तपासणार? मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक बैठकी हा कामाचाच भाग होता. वर्गात काय फसले, हे तिथे उघडपणे मांडता येई. शासनाने 2002 साली तो कार्यक्रम बंद केला, तरी ती कल्पना जुनी झालेली नाही. आपल्याकडे 2000 सालापासून शिक्षण सेवकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. ज्या काळात आधार हवा, नेमक्या त्याच काळात तो सर्वांत असुरक्षित असतो. त्याला ‘हे आव्हान समजा’ असे सांगणे सोपे आहे. कादंबरीतली कचेरीही तेच सांगते.

तेव्हा नव्या शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावे, मनसोक्त हसावे. जुन्यांनी मात्र ते अधिक काळजीपूर्वक वाचावे आणि आपल्या शाळेत बिआ कोण आहे, याचा शोध घ्यावा. कोणी नसेल, तर मधल्या सुट्टीत नव्या शिक्षकाला चहाला बोलावून ‘आजचा तास कसा झाला?’ एवढे विचारण्यापासून सुरुवात करता येईल.