शाश्वत नगरनियोजनविषयक संशोधन : एक चिकित्सा
(पुणे शहराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक :
शाश्वत नगरनियोजन हा विषय भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन अशा अनेक विद्याशाखांतील संशोधकांना आकर्षित करणारा ठरला आहे. वेगाने वाढणाऱ्या शहरांचे प्रश्न कोणत्याही एका शास्त्राच्या चौकटीत मावत नसल्याने हे स्वाभाविकच होय. तथापि या विषयावरील शोधनिबंधांची संख्या वाढत असताना त्यांची उपयुक्तता त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. बहुतेक निबंध ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातील व्याख्येने सुरू होतात, दुय्यम आकडेवारीची कोष्टके मांडतात आणि 'जनजागृती व्हावी', 'हरित क्षेत्र वाढवावे' अशा शिफारशींनी संपतात. या साच्यात नेमके काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या आधारे केला आहे.

अभ्यासाचे एकक :
पहिला दोष एककासंबंधी आहे. जनगणनेनुसार पुणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १५.६७ लाख, २००१ मध्ये २५.३८ लाख व २०११ मध्ये ३१.२४ लाख होती. या आकड्यांवरून पहिल्या दशकातील वाढ सुमारे ६२ टक्के, तर दुसऱ्या दशकातील २३ टक्के येते. त्यावरून 'शहराची वाढ मंदावली' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु तो दिशाभूल करणारा आहे. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिका हद्दीत घेण्यात आली. त्यांतील काही पुढे वगळली गेली व २३ गावे राहिली. म्हणजे १९९१ चे पुणे आणि २००१ चे पुणे ही क्षेत्रफळाच्या दृष्टीने दोन वेगळी शहरे आहेत. दुसरीकडे, शेजारच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मधील १०.१२ लाखांवरून २०११ मध्ये १७.२७ लाखांवर गेली. वाढ थांबली नव्हती. तिचा मोठा वाटा हद्दीपलीकडे पडत होता. पुढे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावांचा समावेश झाला. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे जुनी लोकसंख्या नव्या क्षेत्रफळाने भागण्याचा धोका अधिकच वाढला. हद्दीचा इतिहास न तपासता काढलेली घनता, दरडोई पाणी अथवा दरडोई उद्यानक्षेत्र ही केवळ अंकगणिते ठरतात.

आराखडा आणि वास्तव :
दुसरा दोष साधनांच्या वाचनाचा आहे. विकास आराखड्यात हरित क्षेत्र म्हणून दाखविलेली टक्केवारी अनेक निबंधांत शाश्वततेचा पुरावा म्हणून स्वीकारली जाते. वस्तुतः आराखडा हा संकल्प आहे, सिद्धी नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक सूचना बजावू शकतो आणि विहित मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. त्यामुळे नकाशावर हिरवा रंग किती, याइतकाच आरक्षित जमिनींपैकी किती ताब्यात आल्या, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

समाविष्ट गावांतील टेकड्यांवरील जैववैविध्य उद्यानाचे उदाहरण येथे बोलके आहे. सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्रासाठीचा हा प्रस्ताव महापालिकेने २००५ मध्ये संमत केला. राज्य शासनाची मान्यता २०१५ मध्ये मिळाली. मधल्या दहा वर्षांत त्या टेकड्यांचे भवितव्य अनिश्चित राहिले आणि मान्यतेनंतरही खाजगी जमिनींच्या मोबदल्याचा वाद संपला नाही. एखादा निबंध हे सर्व क्षेत्र 'उपलब्ध हरित क्षेत्र' म्हणून मोजतो, तेव्हा तो टेकडीचे नव्हे, ठरावाचे मोजमाप करीत असतो. टेकडी वाचविण्याचा खर्च जमीनमालकाने, करदात्याने की वाढीव बांधकामाचा भार सोसणाऱ्या अन्य वस्तीने उचलावा, हा शाश्वततेचा गाभ्याचा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

काळाचे परिमाणही असेच दुर्लक्षित राहते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ मध्ये मंजूर झाला. २००७ ते २०२७ या कालावधीसाठीचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे नियोजनाचा निम्मा काळ मंजुरीपूर्वीच संपला होता. या विलंबाची मीमांसा न करता केवळ आराखड्यातील तरतुदींची चिकित्सा करणे अपुरे होय.

निसर्गाची हद्द :
प्रशासकीय प्रभाग आणि पाणलोट क्षेत्र यांच्या सीमा जुळत नाहीत. कात्रजकडून येऊन दाट वस्तीतून मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुरात जीवितहानी झाली. ओढ्याच्या काठी राहणाऱ्यांना अतिक्रमणकर्ते मानून विषय संपविणे संशोधनाला शोभणारे नाही. वरच्या अंगाला उतारावर झालेले बांधकाम, ओढ्याचे अरुंद झालेले पात्र, पुलांखालील अडथळे आणि स्वस्त घरांचा अभाव यांची साखळी उलगडावी लागते. ही साखळी प्रभागनिहाय कोष्टकांत दिसत नाही. ती ओढ्याच्या काठाने चालल्यावरच दिसते.

पॅट्रिक गेडिस यांनी १९१४ पासून भारतातील अनेक शहरांची पाहणी केली, ती याच पद्धतीने. उपचारापूर्वी निदान, हा त्यांचा आग्रह होता. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख होते. म्हणजे क्षेत्रपाहणीवर आधारलेल्या नगर-अभ्यासाची परंपरा महाराष्ट्राच्या विद्यापीठीय जीवनात शंभर वर्षांपूर्वीच आली होती. तिच्याकडे पाठ फिरवून परदेशी निर्देशांकांची यादी उतरविण्यात विद्वत्तेपेक्षा सोय अधिक आहे.

समारोप :
या उणिवांचे खापर केवळ संशोधकांवर फोडता येणार नाही. अध्यापनाचा भार, निधीची वानवा आणि पदोन्नतीसाठी निबंधसंख्येला आलेले महत्त्व यांमुळे क्षेत्रकार्याला अवधी उरत नाही. तरीही महाविद्यालयाजवळ एक बलस्थान आहे : ते एकाच गावात वर्षानुवर्षे राहते. एका ओढ्याचे पात्र दरवर्षी मोजणे, एका प्रभागातील आरक्षणांची स्थिती सातबारा उतारे व सर्वसाधारण सभेच्या ठरावांशी ताडून पाहणे, माहिती अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग करून संपादनाची नोंद मिळविणे, ही कामे विद्यार्थ्यांच्या साहाय्याने होऊ शकतात. महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल हे मूल्यमापनाचा विषय असलेल्या संस्थेचेच निवेदन आहे, हे भान ठेवून तो अशा नोंदींशी पडताळला पाहिजे. शिफारस करताना ती कोणत्या प्राधिकरणाने, कोणत्या कलमान्वये व कोणाच्या खर्चाने अमलात आणावी, हेही सांगितले पाहिजे. असे दहा वर्षांचे एका ओढ्याचे दप्तर 'शाश्वत विकास' या शब्दाच्या शंभर आवृत्त्यांपेक्षा शहराच्या अधिक उपयोगी पडेल.