‘मतदारसंघ’ म्हणजे नेमकं काय?

मागच्या २४ सप्टेंबरला एका सभेत वक्ता म्हणाला, “पुणे कराराने आपला मतदारसंघ गेलाच नाही. दुसऱ्या कलमात ‘इलेक्टोरल कॉलेज’ दिलंय, वाचा!” टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. खोलीवर आलो, डिक्शनरी घेऊन कलम वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मित्रांनो, ‘इलेक्टोरेट’ आणि ‘इलेक्टोरल कॉलेज’ हे शब्द भाऊभाऊ दिसतात. आमच्या साचेखात्यात दोन नंबरांचं सूतही सारखंच दिसतं. चुकीचं चढलं की ताका बाद.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना ‘सेपरेट इलेक्टोरेट’ होतं. म्हणजे ठरलेल्या जागांवर आपला प्रतिनिधी फक्त आपणच निवडायचा. वर सर्वसाधारण जागेसाठी दुसरं मत. त्याविरुद्ध गांधीजी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले आणि २४ तारखेला करार झाला. जागा वाढून प्रांतांत १४८ झाल्या. पण मताचं काय झालं?

‘इलेक्टोरल कॉलेज’ म्हणजे आपले मतदार आधी एकेक मत देऊन चार उमेदवार काढणार. मग त्या चारांतून एक निवडणार सगळे मिळून, सवर्णसुद्धा. आता समजा, पहिल्याला आपली हजार मतं पडली, चौथ्याला पन्नास. दुसऱ्या फेरीत बहुसंख्यांना चौथाच बरा वाटला तर तोच आपला आमदार! चाळणी आपल्या हातात, निवड दुसऱ्याच्या. आणि ही चाळणीसुद्धा दहाच वर्षांची होती.

बाबासाहेबांना हा फरक पुरता ठाऊक होता. म्हणून तर जुलै १९४६ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने याच पुण्यात कराराविरुद्ध सत्याग्रह केला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघच मागितला. तो मिळाला नाही. संविधानात राखीव जागा आल्या, मतदारयादी सगळ्यांची एकच राहिली. १९५२ च्या लोकसभेला उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब काजरोळकरांकडून हरले.

आता तक्रार आपल्याच लेखण्यांबद्दल. आपल्या पुस्तिकांत ‘इलेक्टोरेट’ला मतदारसंघ, ‘कॉन्स्टिट्यूअन्सी’ला मतदारसंघ, आणि ‘इलेक्टोरल कॉलेज’लाही मतदारसंघच. तीन गोष्टी एका पोत्यात भरल्या, मग पोरांना कळावं कसं काय गेलं ते? वक्ता खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला आपणच तसं शिकवलं.

म्हणून पुढच्या अंकापासून नीट लिहू. राखीव जागा म्हणजे उमेदवार आपला, मतदार सगळे. स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे उमेदवारही आपला, मतदारही आपलेच. ‘इलेक्टोरल कॉलेज’ला सरळ ‘पहिली फेरी’ म्हणू.

येत्या २४ सप्टेंबरला कोणी ‘मतदारसंघ’ म्हणाला की टाळीआधी उभं राहून विचारा : शेवटचं मत कोणाचं?