तलावांची यादी म्हणजे पाण्याचा इतिहास नव्हे

शहराच्या पाणीपुरवठ्यावर संशोधन प्रस्ताव लिहायला घेतला, की पहिलं प्रकरण जवळजवळ ठरलेलं असतं. मुंबईचं बघा: विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडकसागर १९५७, मध्य वैतरणा २०१४. लोकसंख्या वाढली, पाणी कमी पडलं, नवा तलाव आला. तारखा बरोबर आहेत, मांडणीही नीटनेटकी. मग आक्षेप कशावर?

आक्षेप असा, की या मांडणीत शहराची गरज हेच कारण आणि तलाव हेच उत्तर. ते पाणी आधी कुणाचं होतं, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. मुंबईने हे तलाव पिण्याच्या पाण्यासाठीच बांधले, म्हणून तिथे ही चौकट निदान उभी तरी राहते. आपल्या भागात ती लगेच मोडते.

देगलूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, म्हणून आधी हैदराबादच घेऊ. उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) शहराची तहान भागवणारे तलाव म्हणून ओळखले जातात. पण त्यांच्यामागचं मोठं कारण तहान नव्हे, पूर होतं. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीने शहरात हाहाकार माजवला, विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि पूर अडवायची योजना झाली. म्हणजे 'उद्देश' या रकान्यात एकच शब्द भरून भागत नाही.

आता मांजरा नदी. बीडच्या बालाघाटात उगम, मग लातूर, बिदर, तेलंगणा, आणि पुढे आपल्या देगलूर-बिलोली भागाच्या सीमेवरून गोदावरीकडे. या एका नदीवर निजामसागर १९३१ मध्ये पूर्ण झाला, तो शेतीसाठी. पुढे त्याच्या वरच्या अंगाला सिंगूर धरण झालं, त्याचं पाणी हैदराबादकडे वळलं आणि निजामसागरखालच्या शेतीला झळ बसली. यादीत सिंगूर हा 'नवा स्रोत' म्हणून येईल. निजामसागरच्या कालव्यावरचा शेतकरी त्याला काय म्हणेल?

लातूरचंही तेच. धनेगावचं मांजरा धरण मुळात सिंचन प्रकल्प. शहर वाढलं आणि त्याच पाण्यावर नळ, कारखाने, ऊस असे सगळेच हक्क सांगू लागले. २०१६ मध्ये धरण कोरडं पडलं. पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली: १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. बातम्यांनी याला 'दुष्काळ' म्हटलं. दुष्काळ होताच. पण पाऊस किती पडला हे सांगून, साठा कुणाच्या नावावर किती लिहिला होता हे कळत नाही. संशोधकाने 'दुष्काळ' हा शब्द उत्तर म्हणून घेतला, की प्रश्नच संपतो.

मग करायचं काय? तलाव कधी बांधला याआधी विचारा: पाणी कोणत्या कागदाने एका हातातून दुसऱ्या हातात गेलं? मूळ प्रकल्प अहवाल, १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होणारं पाणी आरक्षण, कालवा सल्लागार समितीची इतिवृत्तं, भूसंपादनाचे निवाडे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती उद्योगाच्या वर आली. एका ओळीची ही अदलाबदल कोणत्याही भिंतीच्या उंचीइतकीच महत्त्वाची आहे. संस्थानकाळात शिरायचं असेल तर उर्दू शिका, त्याला पळवाट नाही. आणि कागदात नसलेली माणसं शोधायची तर बुडीत क्षेत्रात आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला जा.

यावर कुणी म्हणेल, याद्या लागतातच ना? लागतात, पण परिशिष्टात. आपल्या शेजारच्या मुखेडमधला लेंडी प्रकल्प १९८० च्या दशकापासून रखडत आला, त्यामागे विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न होता. यादीत त्याची नोंद 'पूर्ण' होईल त्या वर्षी लागणार. म्हणजे गावांनी भोगलेली मधली सगळी वर्षं इतिहासातून बाद!

तुमच्या प्रस्तावात तलावाचं नाव आणि साल लिहून झालं असेल, तर त्यापुढे एक रकाना वाढवा: 'हे पाणी आधी कुणाचं होतं?' तो भरता येत नसेल, तर समजा, तुमचा संशोधनाचा विषय तिथेच आहे.