पोस्टरवर न आलेला प्रयोग

उन्हाळ्याच्या सुट्टीत पदवीच्या विद्यार्थ्यांनी संशोधन-संस्थेत दोन महिने काम करायचे आणि ते एखाद्या परिसंवादात मांडायचे, ही प्रथा आपल्याकडे चांगली रुजली आहे. बंगळूरु, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती तर शिक्षकांनाही मिळते. उपक्रम उत्तमच. तक्रार आहे ती मांडणीविषयी.

अशाच एका परिसंवादात मी परीक्षक होतो. एका विद्यार्थिनीने टिटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर काम केले होते. या कणांवर अतिनील प्रकाश पडला की पाण्यातील रंगद्रव्याचे विघटन होते. मिथिलीन ब्लूच्या द्रावणात भुकटी टाकायची, दिवा लावायचा, दर दहा मिनिटांनी नमुना काढून, भुकटी वेगळी करून, ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजायचे. पोस्टर देखणे होते. तासाभरात ९२.३७ टक्के रंग गेला, असे ठळक अक्षरांत लिहिले होते. (प्रयोग एकदाच केलेला, मग दशांशचिन्हापुढचे दोन अंक कशाच्या आधारावर?)

मी विचारले, "दिवा न लावता रंग किती कमी होतो?" रेणू कणांच्या पृष्ठभागाला नुसते चिकटले तरी द्रावण फिके पडते, ते विघटन नव्हे. म्हणूनच मिश्रण आधी अंधारात ढवळत ठेवतात, चिकटणे थांबले की मगच दिवा लावतात. भुकटीशिवाय नुसता दिवा लावूनही पाहावे लागते, कारण हा रंग प्रकाशाने थोडाफार आपणहून उडतो.

तिने पिशवीतून वही काढली. अंधारातला प्रयोग तिने केला होता! अर्ध्या तासात सुमारे एकतृतीयांश रंग गेला होता.

"मग हे पोस्टरवर का नाही?"

"सर, त्याने गोंधळ होईल, असं मला सांगितलं."

दोन महिन्यांतला तिचा सर्वांत मोलाचा प्रयोग तोच होता. मिथिलीन ब्लूचा आयन धनभारित असतो. द्रावण अल्कधर्मी केले की तो या कणांना अधिक चिकटतो. त्या 'गोंधळा'तूनच पुढचा प्रश्न निघत होता. पण मार्गदर्शकांना छापील शोधनिबंधासारखे गुळगुळीत पोस्टर हवे असते, आणि आम्हा परीक्षकांनाही. आमच्या गुणपत्रकात निष्कर्षाला गुण होते, सादरीकरणाला होते. काय फसले आणि त्यावरून काय कळले, याला रकानाच नव्हता. बक्षीस दुसऱ्या एका देखण्या पोस्टरला गेले. त्या निर्णयावर माझीही सही आहे.

तेव्हा आपला विद्यार्थी जुलैत परतला की त्याला वर्गात बोलायला जरूर लावा, मात्र पोस्टर गुंडाळून ठेवून, प्रयोगवही हातात घेऊन. खाडाखोड केलेल्या पानापासून सुरुवात करू द्या. तो जरा अडखळेल. मुले मात्र प्रश्न तिथेच विचारतात.